स्केल मॉडेलसाठी काचेचं कपाट: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी : मापं मॉडेलवरून

प्लायवूडचा कागद समोर घेऊन कपाट आखायला बसलं की कपाट प्लायवूडला सोयीचं होतं, मॉडेलला नाही. म्हणून आधी मॉडेलची यादी केली आणि प्रत्येकाची खरी लांबी-रुंदी स्केलने भागून जागा काढली. संग्रह मिश्र आहे : १:७२ ची विमानं सर्वांत जास्त, १:३५ चे काही रणगाडे, १:३५० ची एक मोठी युद्धनौका, १:१८ आणि १:४३ च्या थोड्या डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या, गाड्या.

स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, म्हणजे १:७२ मध्ये १५६ मिमी. तेच विमान १:४८ मध्ये २३४ मिमी होतं. मिग-२१ चे पंख १:७२ मध्ये जेमतेम ९९ मिमी, पण नाकापासून शेपटीपर्यंत ते लांबलचक असल्यामुळे खोलीचा विचार त्याच्यासाठी करावा लागतो. लँकॅस्टर बॉम्बर ३१.०९ मीटर, म्हणजे ४३२ मिमी रुंद आणि साधारण २९३ मिमी लांब. १:१४४ चं काँकॉर्ड ४२८ मिमी लांब. तोफ पुढे धरून टायगर-१ रणगाडा १:३५ मध्ये २४१ मिमी. युद्धनौका बिस्मार्क २५१ मीटरची, १:३५० मध्ये ७१७ मिमी.

यातून दोन आकडे पक्के झाले. आतली रुंदी बिस्मार्कने ठरवली : ७१७ आणि दोन्ही बाजूंना हात घालायला जागा. आतली खोली लँकॅस्टरने ठरवली : फळी किमान ३०० मिमी खोल. १:७२ चं बी-५२ पंखांनी ७८३ मिमी रुंद आणि त्याहून अडचणीचं म्हणजे जवळपास ६७० मिमी लांब आहे. ते या कपाटात मावत नाही आणि मावावं असा हट्टही नको. एका मॉडेलसाठी कपाट दुप्पट खोल केलं की बाकीची सगळी मॉडेल मागच्या अंधारात जातात. असं विमान वेगळ्या पेटीत किंवा छताला टांगून ठेवावं.

बाहेरची मापं ठरली : उंची १५००, रुंदी ९००, खोली ३४० मिमी, दारं वेगळी. खाली ८० मिमीची बैठक. १८ मिमी प्लाय धरून आतली जागा ८६४ रुंद, १३८४ उंच, ३३४ खोल. म्हणजे सुमारे ४०० लिटर हवा. हा शेवटचा आकडा धुळीचा हिशेब करताना लागणार आहे.

५ जानेवारी : बरण्यांची चाचणी

बंद कपाटातला खरा शत्रू बऱ्याच वेळा कपाटच असतं. लाकडातून ॲसिटिक आम्लाची वाफ निघते, स्वस्त प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) यांतल्या युरिया-फॉर्मल्डिहाइड गोंदातून फॉर्मल्डिहाइड निघतं. उघड्या फळीवर हे वाऱ्यासोबत निघून जातं. दार लावलेल्या कपाटात साठतं. पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकला, त्याचं फार काही वाटत नाही, पण शिसं असलेल्या व्हाइट मेटलच्या भागांवर, म्हणजे जहाजांचे नांगर, तोफा, जुन्या किटमधले लँडिंग गियर यांवर पांढरी भुकटी धरते. ही शिशाचा कार्बोनेट. एकदा सुरू झालं की भाग आतून पोखरत जातो, आणि वरून रंग दिला तरी थांबत नाही.

संग्रहालयांत यासाठी ऑडी चाचणी वापरतात. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये ती सुचवली : शिसं, चांदी आणि तांबं यांचे तुकडे, तपासायचा माल आणि थोडं पाणी बंद भांड्यात घालून ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचं. घरी तितकं तापमान सतत राखणं जमत नाही, पण शिशाच्या पट्टीपुरती साधी आवृत्ती जमते. झाकणाच्या काचेच्या बरण्या घेतल्या. एकात निवडलेल्या प्लायचा तुकडा, एकात एमडीएफ, एकात काच चिकटवायचं आंबट वासाचं साधं सिलिकॉन, वाळलेलं, एकात आंबट वास नसलेलं न्यूट्रल सिलिकॉन, आणि एक नुसती, तुलनेसाठी. प्रत्येकीत बारीक पॉलिश पेपरने चकचकीत केलेली शिशाची पट्टी दोऱ्याने टांगली. पट्टी मालाला टेकता कामा नये. तळाशी छोट्या वाटीत थोडं पाणी. शिसं हाताळताना हातमोजे, आणि घासलेला पेपर लगेच कचऱ्यात. बरण्या घरातल्या उबदार जागी ठेवल्या.

११ जानेवारी : कापणी

प्लाय उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या दर्जाचा घेतला. त्यात फिनॉलिक गोंद असतो, युरियाच्या गोंदापेक्षा त्यातून फॉर्मल्डिहाइड बरंच कमी निघतं. २४४० × १२२० मिमीच्या एका कागदात सगळं बसतं. आधी लांबीने ३३० च्या तीन पट्ट्या काढल्या. करवतीचं पातं ३ मिमी खातं, ते धरून २२१ मिमीची चौथी पट्टी उरते. पहिल्या दोन पट्ट्यांतून प्रत्येकी एक बाजू आणि एक आडवी फळी निघते.

बाजूच्या फळ्या : २ नग, १५०० × ३३०
वरची आणि तळाची फळी : २ नग, ८६४ × ३२४
बैठकीच्या पट्ट्या : २ नग, ८६४ × ८०
पाठ, ६ मिमी प्लाय : १ नग, ८८१ × १४२०

खोली ३४० ठरवूनही फळी ३३० ची का, तर पुढच्या कडेला १० मिमी जाडीची टणक लाकडाची पट्टी चिकटवायची आहे. दारांच्या बिजागऱ्यांचे स्क्रू त्या पट्टीतून जातील. प्लायच्या कडेत नुसता स्क्रू घातला तर तो दोन थरांच्या मध्ये शिरतो आणि थर उकलतात. सुरुवातीला घट्ट वाटतं, पण सात-आठ किलोचं दार रोज उघडझाप झालं की स्क्रू सैल होतो.

कापायच्या आधी प्लायची जाडी कॅलिपरने मोजावी. १८ म्हणून मिळालेला कागद अनेकदा थोडा पातळ असतो. तसा असेल तर आडव्या फळ्यांची लांबी ८६४ न ठेवता ९०० मधून खऱ्या जाडीची दुप्पट वजा करून काढायची. नाहीतर बाहेरची रुंदी कमी भरते आणि दारांची मापं चुकतात.

१२ जानेवारी : खाच आणि भोकं

बाजूच्या फळ्यांच्या मागच्या आतल्या कडेला पाठीसाठी ९ मिमी रुंद, ६ मिमी खोल खाच राउटरने, म्हणजे खाच कोरायच्या यंत्राने, मारली. आडव्या फळ्या ६ मिमीने आखूड आहेत, त्यामुळे पाठ त्यांच्या कडांवर सपाट बसते.

काचेच्या फळ्यांच्या पिनांसाठी ५ मिमी व्यासाची भोकं, ३२ मिमी अंतराने. पुढची रांग पुढच्या कडेपासून ८० मिमीवर, मागची पाठीपासून ५४ मिमीवर. फर्निचरमध्ये पुढची रांग कडेपासून ३७ मिमीवर घेतात, पण इथे काच पुढून ३० मिमी आत थांबणार आहे. ३७ वर पिन घेतली तर ती काचेच्या अगदी टोकाला येते. साचा उरलेल्या प्लायचा केला आणि दोन्ही फळ्यांवर त्याचं तेच टोक खाली धरून भोकं पाडली. साचा उलटा लागला तर दोन बाजूंची भोकं एक-दोन मिमी वरखाली होतात, आणि मग काच चारपैकी तीनच पिनांवर टेकून डुगडुगते. ड्रिलला १२ मिमीवर टेप गुंडाळून खोली बांधून घेतली.

१८ जानेवारी : सांगाडा

गोंद आणि ४ × ५० चे स्क्रू, आधी ३ मिमीचं भोक. वरची फळी बाजूंच्या माथ्याशी सपाट, तळाची जमिनीपासून ८० वर. गुण्या लावून प्रत्येक कोपरा बघितला, पण खरी परीक्षा कर्णांची. तळाच्या फळीच्या खालच्या कडेपासून वरपर्यंत चौकट ९०० × १४२० आहे, कर्ण १६८१ मिमी यायला हवा. दोन कर्णांत १ मिमीपर्यंत फरक चालतो.

हा आग्रह दारांमुळे. कर्णांत ३ मिमी फरक म्हणजे सांगाडा माथ्याशी जवळपास तितकाच कलला आहे. मग ४४९ मिमी रुंद दाराचा मधला कोपरा एका बाजूला सुमारे १ मिमी खाली जातो आणि दुसऱ्या दाराचा तितकाच वर. मध्यभागी, जिथे नजर आधी जाते तिथेच, दोन मिमीची पायरी दिसते. गोंद ओला असताना लांब कर्णावर शिकंजा आवळून हे काढता येतं. वाळल्यावर काढता येत नाही. पाठ चौकोनी कापलेली असेल तर तीच सांगाड्याला काटकोनात धरते, म्हणून ती आत्ताच तात्पुरती स्क्रूने बसवून ठेवली.

१९ जानेवारी : फळ्यांची काच, ॲक्रिलिक का नाही

आतल्या फळ्या ८६० × ३०० मिमी. काच की ॲक्रिलिक हा प्रश्न आकड्यांनी सुटतो.

काचेचं वजन प्रत्येक मिमी जाडीला दर चौरस मीटरमागे २.५ किलो. ६ मिमीची आपली फळी ३.८७ किलो भरते. दोन्ही टोकांना पिनांवर टेकलेली ती स्वतःच्या वजनाने मध्ये ०.८ मिमी वाकते, वर दोन किलो मॉडेल ठेवली तर १.२ मिमी. डोळ्याला दिसत नाही. १:७२ ची विमानं इतकी हलकी असतात की काचेला खरं ओझं काचेचंच आहे. ५ मिमी काच दोन किलोला १.९ मिमी वाकते. चालेल, पण रणगाड्यांच्या कप्प्यात ती मी वापरणार नाही.

त्याच मापाचं ६ मिमी ॲक्रिलिक वजनाला निम्म्याहून कमी, पण ताठपणात काचेच्या विसाव्या भागाहूनही कमी. स्वतःच्याच वजनाने जवळपास ९ मिमी वाकतं, दोन किलो ठेवले की १८ मिमीच्या आसपास. शिवाय ते तिथे थांबत नाही, महिनोन्‌महिने वाकतच राहतं. वर स्थिर वीज धरून धूळ ओढतं आणि कोरड्या फडक्याने पुसलं तर ओरखडे पडतात. अल्कोहोल किंवा अमोनिया असलेला काच-क्लीनर लागला तर बारीक भेगांचं जाळं उमटतं. छोट्या एकाच मॉडेलच्या पेटीला ॲक्रिलिक उत्तम, ८६० मिमीच्या फळीला नाही.

काच टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली, घेतली. टफन केल्यावर ती कापता येत नाही, कड घासता येत नाही, भोक पाडता येत नाही. जे करायचं ते भट्टीत जायच्या आधी. म्हणून मागणी देण्यापूर्वी ८६० मिमीचा पुठ्ठा कापून प्रत्येक कप्प्यात पिनांवर ठेवून फिरवून बघितला. फळी तिरकी करून आत घालताना तिचा कर्ण लागतो, आणि पुढे प्रकाशपट्ट्यांची ॲल्युमिनियमची पट्टी दोन्ही बाजूंना १६ मिमी पुढे येते. पुठ्ठा आत जातो, म्हणजे काच जाते.

कप्प्यांची उंची भोकांच्या ३२ मिमीच्या पटीत बसवली. खालून वर : २८२, २१८, २१८, १८६, १८६, २६४. पाच काचा, सहा कप्पे. जहाज तळाच्या फळीवर, त्यावर रणगाडे, मग मोठी विमानं, मग लहान. सर्वांत वरचा उंच कप्पा दांडीवर उडत्या स्थितीतल्या विमानांसाठी. चाकांवर उभं लँकॅस्टरसुद्धा १:७२ मध्ये ९० मिमीच्या आतच राहतं. पण कप्पा मॉडेलच्या उंचीइतका ठेवून चालत नाही, वरून मूठ आत जाऊन अँटेनाला न लागता बाहेर आली पाहिजे. किमान ७५ मिमी मोकळे हवेत.

२५ जानेवारी : दारं आणि बिजागरीचा निर्णय

दोन दारं, प्रत्येकी ४४९ × १४२०, मध्ये २ मिमी फट. ९०० मिमीचं एकच दार करायचं नाही. काचेसह ते चौदा किलोच्या आसपास जातं आणि एका बाजूने लोंबतं.

विनाचौकट काचेची दारं दिसायला सुंदर, पण त्यांच्या चारही बाजूंना फट राहते. धुळीसाठी चौकटच हवी. उभ्या पट्ट्या ३५ × २२, आडव्या ४५ × २२, अर्ध्या-अर्ध्या कापून एकमेकींत बसवलेला सांधा. आतून १० × १० ची खाच, तीत ४ मिमी टफन काच आणि वरून ६ मिमीची बिडिंग पट्टी. काचेचं माप ३९६ × १३४७ : उघडी जागा ३७९ × १३३०, अधिक दोन्हीकडच्या खाचा, वजा ३ मिमी मोकळीक. मोकळीक नसेल तर पावसाळ्यात लाकूड फुगून काचेची कड दाबतं, आणि टफन काचेचा कमकुवत भाग कडच.

सगळ्यांना आधी सुचते ती ३५ मिमी वाटीची बिजागरी, कारण ती नंतर स्क्रू फिरवून सरळ करता येते. ती इथे बसत नाही. वाटी कडेपासून ५ मिमी सोडून घेतली तर ४० मिमीपर्यंत जाते, आणि ३५ च्या पट्टीत काचेची खाच २५ मिमीपासूनच सुरू होते. वाटी थेट खाचेत उतरेल. पट्टी ५५ ची केली तर दार जाडजूड दिसतं, तरीही बिजागरीचा हात नेमका त्याच कोपऱ्यात येतो जिथे उभी प्रकाशपट्टी बसवायची आहे.

म्हणून पूर्ण उंचीची पियानो बिजागरी, उघडल्यावर ३२ मिमी रुंद. ती वजन सगळ्या उंचीवर वाटते, आणि बिजागरीकडची फट स्वतःच झाकते. तिला नंतर सरळ करता येत नाही, हे तिचं मोल. त्याचसाठी कर्ण १ मिमीच्या आत धरले. स्क्रू ३ × १६, आधी २ मिमीचं भोक. प्रथम दर पाचव्या भोकात एकेक स्क्रू, दार बंद करून मधली फट बघायची, मग बाकीचे.

काच चौकटीत नुसती ठेवली तर दार काही महिन्यांत मधल्या बाजूने खाली येतं. काच खाचेत बसवताना बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात काचेखाली एक छोटा रबरी ठोकळा द्यायचा, आणि त्याच्या तिरक्या समोर, मधल्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात काचेच्या वर दुसरा. मग काच कर्णात दाबली जाते आणि चौकटीचा काटकोन तीच धरते. दारात पाच किलोची ताठ काच आहे, तिच्याकडून हे काम करून न घेणं म्हणजे ताकद वाया घालवणं. ठोकळे काचेच्या जाडीपेक्षा थोडे रुंद असावेत.

१ फेब्रुवारी : रंग

पाठ फिकट राखाडी, मॅट. काळ्या पाठीवर गडद हिरवी आणि करडी विमानं हरवतात. आरशाची पाठ विमानाची मागची बाजू दाखवते खरी, पण प्रकाशपट्ट्याही दाखवते आणि गर्दी दुप्पट वाटते. बाजू आतून त्याच रंगात.

रंग पाण्याचा ॲक्रिलिक, दोन हात, आधी प्रायमर. तेलरंग वाळताना आणि वाळल्यानंतरही बराच काळ वाफ सोडतो, तो आतून नको. प्लायच्या उघड्या कडा, पाठीची मागची बाजू, पिनांची भोकं, सगळं रंगवलं. वाफ सर्वांत जास्त कापलेल्या कडेतून निघते आणि नेमकी तीच रंगवायची राहून जाते. आता किमान चार आठवडे दारं उघडी ठेवून कपाट मोकळं ठेवायचं. हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नाही.

७ फेब्रुवारी : बरण्या उघडल्या

आंबट वासाच्या सिलिकॉनच्या बरणीतली पट्टी पूर्ण पांढरी, बोट फिरवलं तर भुकटी सुटते. एमडीएफच्या पट्टीवर पांढरे ठिपके, खालच्या टोकाला दाट. प्लायची पट्टी मंद झाली आहे, एका कडेला पुसटशी पांढरी रेघ. न्यूट्रल सिलिकॉनची पट्टी नुसत्या बरणीतल्यासारखीच, फक्त चमक थोडी गेलेली.

प्लाय निर्दोष नाही, हे अपेक्षित होतं. रंगाने वाफ कमी होते, बंद होत नाही. म्हणून शिसं असलेल्या जहाजाखालच्या तळाच्या फळीवर ॲल्युमिनियम फॉइलची चिकटपट्टी कडेला कड लावून घेतली आणि वर राखाडी पुठ्ठा. धातूच्या थरातून वाफ पलीकडे जात नाही. काच बसवायला अर्थातच न्यूट्रल सिलिकॉन.

याच धाग्यातली एक गोष्ट : नाकात वजन म्हणून शिशाचे छर्रे घालून ते पांढऱ्या लाकडी गोंदाने चिकटवलेली विमानं या कपाटातच काय, कुठेही सुरक्षित नाहीत. गोंदातल्या ॲसिटिक आम्लाने शिसं फुगतं आणि काही वर्षांत नाकाचा सांधा फाडून बाहेर येतं. नाकाच्या सांध्यावर नवी केसाएवढी भेग दिसली तर मॉडेल बाहेर काढून तपासावं. छर्रे इपॉक्सीत बसवावेत.

१५ फेब्रुवारी : प्रकाश

प्रत्येक फळीखाली पट्टी लावली तर प्रकाश विमानाच्या पाठीवर पडतो आणि बघणाऱ्याकडची बाजू अंधारात राहते. त्यामुळे दोन्ही पुढच्या कोपऱ्यांत उभ्या पट्ट्या, ४५ अंशाच्या ॲल्युमिनियम पट्टीत, मागे आणि आत वळलेल्या. दाराची ३५ मिमीची पट्टी प्लायच्या कडेवर १८ मिमी बसून आत १७ मिमी येते, त्यामागे १६ मिमीची ॲल्युमिनियम पट्टी पूर्ण लपते. काचेच्या फळ्या ३० मिमी मागे थांबतात, म्हणून प्रकाश अडत नाही.

१२ व्होल्ट, मीटरला १२० एलईडी, ९.६ वॅट प्रति मीटर. १३८४ मिमीच्या दोन पट्ट्या म्हणजे २६.६ वॅट, २.२ अँपिअर. पुरवठा ८० टक्क्यांच्या वर ताणायचा नाही, म्हणून ४० वॅटचा. पट्टी दर २५ मिमीवर कापता येते, १३७५ ला कापली. दोन्ही पट्ट्यांना पुरवठ्यापासून वेगळी ०.७५ चौरस मिमी वायर. एकीच्या टोकाला दुसरी जोडली तर शेवटचा भाग मंद दिसतो.

रंगतापमान ४००० केल्विन, सीआरआय (प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर. ३००० ला राखाडी रंग मातकट होतो, ६५०० ला ऑलिव्ह हिरवा निळसर. स्वस्त पट्टीत लाल कमी असतो आणि गाड्यांचा लाल विटकरी दिसतो. दुधी झाकण हवंच, नाहीतर चकचकीत बॉनेटवर ठिपक्यांची माळ उमटते.

पुरवठा कपाटाबाहेर, माथ्यावर. आत ठेवला तर त्याची उष्णताही आत.

२२ फेब्रुवारी : कपाट श्वास घेतं

धुळीबद्दल सर्वांत चुकीची समजूत अशी की पुरेसं घट्ट बंद केलं की झालं. आत ४०० लिटर हवा आहे. खोलीचं तापमान दिवसा १० अंशांनी वाढलं की त्यातली सुमारे १३ लिटर हवा बाहेर जाते, रात्री गार झालं की तितकीच आत येते. दिवे लावले-विझवले की आणखी दोन-तीन अंशांची भर. ही हवा कुठल्यातरी फटीतून जाणारच, आणि आत येताना त्या फटीशी बसलेली धूळ घेऊन येणार. बंद कपाटात दाराच्या फटीसमोरच धुळीची सरळ रेघ दिसते ती यामुळेच.

तेव्हा दोन कामं एकत्र करायची : फटी बंद करायच्या, आणि श्वासाला एक गाळलेली वाट द्यायची.

बंद पियानो बिजागरीची जाडी सुमारे ३ मिमी, म्हणून दार सांगाड्यापासून तितकंच दूर राहतं. वरच्या आणि तळाच्या कडेला ५ मिमी जाडीची मऊ ईपीडीएम रबराची पट्टी, ती दबून ३ ची होते. मधल्या फटीसाठी डाव्या दाराच्या मागे ३० मिमी रुंद पातळ पट्टी, तिच्यावर ब्रश. मऊ पट्टी दार बाहेर ढकलते, त्यामुळे लोहचुंबक वर आणि खाली दोन्हीकडे हवेत. एकच असेल तर दुसऱ्या टोकाला दार उघडं राहतं.

वाट पाठीत वरच्या भागात : ४० मिमीची दोन भोकं, बाहेरून १५० × १५० ची उथळ पेटी, तीत गाडीच्या एसी फिल्टरचं कापड. कापड भोकाएवढंच लावलं तर त्याचा अडथळा दाराच्या फटींपेक्षा जास्त होतो आणि हवा पुन्हा फटीतूनच जाते. क्षेत्रफळ मोठं तर अडथळा कमी. भोकं फक्त एकाच उंचीवर ठेवली. वर आणि खाली दोन्हीकडे ठेवली तर धुराड्यासारखा सतत ओघ सुरू होतो आणि फिल्टर लवकर तुंबतो. वायरचं भोक रबरी चकतीने बंद.

तपासणी : खोली अंधारी करून आतले दिवे लावले. जिथून उजेडाची रेघ दिसली तिथे पट्टी कमी पडली आहे. उजव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढी फट होती, तिथे ब्रशची पट्टी १० मिमीने लांबवली.

सिलिका जेलच्या पुड्यांबद्दल. दमटपणा स्थिर ठेवण्यासाठी संग्रहालयात घनमीटरला २० किलो जेलचा दंडक वापरतात. आपल्या ०.४ घनमीटरला ८ किलो झाले. बुटांच्या खोक्यातल्या चार पुड्या टाकून काही होत नाही. संग्रह प्लॅस्टिकचा असेल तर धुळीची काळजी आधी. डायकास्ट जास्त असतील तर मात्र दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर आत ठेवावा, कारण शिशाची भेसळ असलेल्या जस्ताच्या मिश्रधातूला दमट हवेत भेगा जातात.

२३ फेब्रुवारी

आत किती धूळ येते ते बघायला चकचकीत काळ्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे. एक रिकाम्या कपाटात मधल्या काचेवर, एक कपाटाच्या माथ्यावर. रंग वाळेपर्यंत दिवसा दारं उघडी असतात, तेव्हा आतला तुकडा झाकून ठेवायचा.

१ मार्च : भिंतीला बांधणं

पाच काचा १९ किलो, दारं १४, प्लाय आणि बाकी २२-२३. म्हणजे रिकामंच ५५ किलोच्या पुढे, आणि खोली फक्त ३४०. दोन्ही दारं उघडली की १४ किलो पुढे लोंबतात. माथ्याशी दोन एल पट्ट्या भिंतीत बोल्ट करून बसवल्या, मागे फिल्टरसाठी २५ मिमी जागा सोडून. बैठकीखाली पाचरी सारून लेव्हल घेतली. जमीन वाकडी असेल तर सांगाडा पिळतो आणि दारं पुन्हा वरखाली होतात, म्हणून लेव्हल आधी, बोल्ट नंतर. उन्हाच्या वाटेतली भिंत टाळली. साधी काच लांब लहरींची अतिनील किरणं बऱ्याच अंशी आत सोडते, आणि पांढरे डेकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवलेली चिन्हं, सर्वांत आधी पिवळे पडतात.

८ मार्च : मॉडेल आत

रंगाचा वास दार उघडल्यावरही येत नाही. बाहेरच्या काळ्या तुकड्यावर बोटाने रेघ ओढता येते, आतल्यावर तिरक्या उजेडात मोजके तंतू दिसतात.

पिनांवर काचेखाली सिलिकॉनची पारदर्शक बटणं चिकटवली. त्याने काच सरकत नाही आणि दार आपटल्याचा हादरा मॉडेलपर्यंत कमी पोचतो. जड माल खाली, काचा खालून वर एकेक भरल्या. वरून भरत आलो तर खालच्या कप्प्यात हात घालताना डोक्यावर भरलेली काच असते.

गाड्यांच्या मऊ व्हिनाइल टायरमधलं प्लॅस्टिसायझर (मऊपणासाठी घातलेलं रसायन) पॉलिस्टायरीनला आणि रंगालाही विरघळवतं. टायर ज्यावर टेकतो तिथे चिकट खड्डा पडतो, कधी आतली रिमही मऊ होते. प्रत्येक टायरखाली पॉलिएस्टर फिल्मचा तुकडा, आणि १:१८ च्या गाड्यांना आसाखाली छोटा ठोकळा देऊन टायर केसभर उचलले.

लँकॅस्टर पंखांनी फळीचा निम्मा भाग घेतं. त्याच्या शेजारी दोन स्पिटफायर समोरासमोर न ठेवता थोडी तिरकी ठेवली, म्हणजे एकाचा पंख दुसऱ्याच्या नाकापुढून जातो आणि दोन्ही पूर्ण दिसतात. काँकॉर्ड ३०० च्या फळीवर सरळ मावत नाही. ते वरच्या कप्प्यात ३ मिमीच्या पितळी दांडीवर, नाक वर, फळीला तिरकं. दांडीचा पाया ६० × ६० × १० मिमीच्या ॲक्रिलिकचा, त्यात २.९ मिमीचं भोक पाडून दांडी दाबून बसवली. पायाखाली दुहेरी चिकटपट्टी लावली नाही, फळी पुसताना तो उचलता आला पाहिजे.

फिल्टरचं कापड पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर बघायचं. बाहेरची बाजू करडी झाली की बदलायचं, झटकून परत लावायचं नाही.